टिळक-आगरकरांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे स्वतः गणित शिकले ते हवामानाच्या नोंदी घेता घेता

धाराशिव जिल्ह्यात पावसाळ्यात एका आकड्याला फार महत्त्व येतं. तो आकडा म्हणजे ६५.

एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदवला गेला, की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी होते. ६४ नोंदवला गेला तर होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी शेतांत आणि घरांत शिरलं होतं. अशा दिवसांत मंडळनिहाय पावसाचे तक्ते मोबाइलवर फिरतात, शेतकरी आपल्या मंडळाचा आकडा शोधतात आणि त्यावरून वाद होतात.

पण मुळात एक साधा प्रश्न आहे. मिलिमीटर हे लांबी मोजायचं माप. पाणी आपण लिटरमध्ये मोजतो. मग पाऊस मिलिमीटरमध्ये कसा काय मोजतात?

हा प्रश्न हवामानाचाही आहे आणि गणिताचाही. मुलांना गणित शिकवायचं असेल तर त्यांच्या हातात पर्जन्यमापक आणि वही द्या, असं आज अनेक शिक्षक सांगतात. ही कल्पना बाहेरून आलेली वाटते. पण महाराष्ट्रात जवळपास १८५ वर्षांपूर्वी एक पोरगा नेमका याच वाटेने गणितात तरबेज झाला. पुढे त्याने शाळेतल्या पोरांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, शिक्षक घडवले, पंचांग सुधारलं आणि लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना कॉलेजात शिकवलं.

त्यांचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखायचा.

नागावचा पोरगा मुंबईत आला

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ चा. गाव अलिबागजवळचं नागाव. मूळ नाव विनायक, पण ते मागे पडलं आणि केरो हेच नाव रूढ झालं. लहानपणीच आईवडील गेले आणि नाना चुलत्यांकडे मुंबईला आले.

छत्रे हे घराणं शिक्षणाच्या कामातलं. मराठीत अगदी सुरुवातीला मुलांसाठी पुस्तकं लिहिणारे, इसापनीतीच्या गोष्टी मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे याच घराण्यातले.

त्या काळी गावाकडे गणित शिकवायचे ते पंतोजी. धूळपाटीवर अक्षरं आणि आकडे गिरवायचे, मग पाढे. नुसते पाढे नाहीत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. सगळं तोंडपाठ. ही पद्धत टाकाऊ नव्हती. बाजारात बसणाऱ्या माणसाला पाऊण शेर धान्याचा हिशेब क्षणात करावा लागायचा आणि या पाठांतराने तो व्हायचा. पण त्यातलं गणित बाजारापर्यंत जाऊन थांबायचं. समुद्राचं पाणी रोज वेगळ्या वेळी का चढतं, पाऊस एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी गायब का होतो, हे प्रश्न पाढ्यांच्या पलीकडचे होते.

मुंबईत नाना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक भेटले. दादाभाई नवरोजी हेही याच ऑर्लिबारांचे विद्यार्थी आणि वयाने केरूनानांच्याच बरोबरीचे. ऑर्लिबारांकडे शिकवण्याशिवाय आणखी एक काम होतं, ते म्हणजे कुलाब्याची वेधशाळा.

कुलाब्यात नेमकं काय चालायचं?

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केली. सुरुवातीचा हेतू जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत, एवढाच होता. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली.

१८४० च्या आसपास तिथे नवं काम आलं. जर्मनीतल्या गटिंगेन शहरात कार्ल फ्रीडरिश गाऊस नावाचे मोठे गणिती होते. पृथ्वीचं चुंबकत्व जागोजागी आणि वेळोवेळी कसं बदलतं, हे शोधायचं तर एका ठिकाणच्या नोंदी पुरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मग जगभर वेधशाळांची एक साखळी उभी राहिली. ब्रिटिशांनी टोरांटो, सेंट हेलेना, केप, टास्मानिया इथे वेधशाळा उभ्या केल्या आणि कंपनी सरकारने मुंबई, मद्रास, सिमला, सिंगापूर ही ठिकाणं निवडली. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी नोंद घ्यायची, अशी ती योजना.

चुंबकत्वाबरोबर हवामानाच्याही नोंदी घ्यायच्या होत्या. त्यासाठी रात्रंदिवस उपकरणांजवळ बसणारी, आकडे नीट वाचणारी आणि खोटं न लिहिणारी माणसं हवी होती.

केरूनाना तेव्हा पंधरा वर्षांचे. आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा. ते कुलाब्याला साहाय्यक म्हणून लागले आणि पुढची दहा-अकरा वर्षं तिथे राहिले.

नोंदवहीत कोणतं गणित लपलेलं असतं?

वरवर पाहिलं तर हे काम कंटाळवाणं. ठरलेल्या वेळी जा, पारा कुठे आहे ते बघा, लिहा, परत या. पण हे काम मनापासून करणाऱ्याला गणिताची एकेक पायरी आपोआप चढावी लागते.

पहिली पायरी वेळेची. गटिंगेन आणि मुंबई यांच्या रेखांशांत साधारण ६३ अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. ६३ गुणिले ४ म्हणजे २५२ मिनिटं, म्हणजे ४ तास १२ मिनिटं. गटिंगेनमध्ये मध्यरात्रीचे १२ वाजले की कुलाब्यात पहाटेचे ४ वाजून १२ मिनिटं झालेली असणार. भूगोलाच्या तासाला मुलं पाठ करतात तो नियम इथे रोज वापरायचा होता.

दुसरी पायरी दशांशाची. वायुभारमापकातला पारा दिवसभरात जेमतेम २-३ मिलिमीटर वरखाली होतो. एवढासा फरक टिपायचा तर डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा. शिवाय उन्हाने पारा स्वतःच फुगतो, म्हणून तापमान बघून वाचलेल्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. वाचलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक असतो, ही गोष्ट पुस्तकातून कळायला उशीर लागतो. इथे ती पहिल्याच आठवड्यात कळते.

तिसरी पायरी वजाबाकीची. दोन तापमापकं शेजारी ठेवायची, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि ओल्या तापमापकाचा पारा बराच खाली येतो. हवा दमट असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. या दोन आकड्यांची वजाबाकी आणि एक कोष्टक, एवढ्यावर हवेतला ओलावा सांगता येतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी धाराशिवला जितकं गार होतं तितकं मुंबईला होत नाही. त्याचंही उत्तर या वजाबाकीतच आहे.

चौथी पायरी सरासरीची, आणि ही सगळ्यात मोठी. आपल्याकडच्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा उतरलेला. समुद्राला भरती-ओहोटी असते तशीच काहीशी हवेची. पण एका दिवसाच्या नोंदीवरून हे ठामपणे सांगता येत नाही, कारण मध्येच वादळ येतं, सर येते, वारा फिरतो. महिनाभराचे सकाळी दहाचे सगळे आकडे एकत्र करून त्यांची सरासरी काढली, तसंच दुपारी चारच्या आकड्यांचं केलं, की रोजची गडबड पुसली जाते आणि खालचा नियम वर येतो.

सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सरासरी का काढायची, हे ज्याने शेकडो आकडे स्वतःच्या हाताने लिहिले त्यालाच पटतं. पुढे ज्ञानप्रसारक सभेसमोर नानांनी जे निबंध वाचले, त्यांचे विषय हवा, भरती-ओहोटी आणि कालज्ञान असे होते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तरुणपण काढलेल्या माणसाने हेच विषय घ्यावेत, यात नवल नाही.

वेधशाळेतून थेट वर्गात

१८५१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज सुरू झालं. हेच पुढे डेक्कन कॉलेज झालं. केरूनाना तिथे शिकवायला आले. वय २६.

त्यांच्याकडे एक महत्त्वाचं काम होतं. नॉर्मल स्कूलच्या वर्गाला, म्हणजे पुढे जे स्वतः मास्तर होणार होते त्यांना, गणित आणि सृष्टिशास्त्र मराठीतून शिकवायचं. म्हणजे ज्या मुलांनी मुंबई पाहिली नव्हती आणि वेधशाळाही पाहिली नव्हती, त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता नानांच्या वर्गातून जात होता.

यासाठी पुस्तकं लागणार होती. नानांनी मराठी शाळांसाठी अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक तयार केलं. आज आपण सहज म्हणतो की विज्ञान मातृभाषेतून शिकवलं पाहिजे. १८५० च्या दशकात हे म्हणायचं तर आधी शब्द शोधावे लागायचे, मग वाक्यं, मग उदाहरणं. आधी बाळशास्त्री जांभेकरांनी आणि नंतर केरूनानांनी हे काम केलं.

पुढे नानांनी अहमदनगरच्या शाळेत, पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या वर्गांत आणि शेवटी डेक्कन कॉलेजात शिकवलं. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. कॉलेजातल्या गणिताच्या खुर्चीवर एक देशी माणूस बसतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. विद्यापीठाची पदवी न घेता, बरंचसं स्वतः शिकून ते तिथवर पोहोचले होते.

आकाशाशी न जुळणारं पंचांग

आता येऊ त्या भांडणाकडे, ज्यामुळे केरूनानांचं नाव घरोघरी पोहोचलं.

त्या काळची पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या सोळाव्या शतकातल्या ग्रंथावरून बनायची. ग्रंथ उत्तम होता. पण तीन-साडेतीनशे वर्षांत छोटे छोटे फरक साचत गेले. पंचांगात ग्रहणाची वेळ एक लिहिलेली आणि आकाशात ग्रहण दुसऱ्याच वेळी लागलेलं, असं व्हायला लागलं.

ज्याने दहा-अकरा वर्षं लिहिलेला आकडा आणि दिसणारा आकडा ताडून पाहिला, त्याला हे कसं चालणार?

नानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ काढला. युरोपातल्या ज्योतिर्विदांनी नव्या वेधांवरून बनवलेल्या कोष्टकांचा आधार घेऊन ग्रहांचं गणित मराठीत कसं करायचं, हे त्यात सांगितलं. मग १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने नवं पंचांग निघालं. तेच पटवर्धनी पंचांग.

या पंचांगाने ग्रहणाच्या वेळा सुधारल्या, त्याला फारसा विरोध नव्हता. वाद पेटला दुसऱ्याच मुद्द्यावर. राशिचक्राची सुरुवात कोणत्या बिंदूपासून धरायची? नानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा धरला. त्यामुळे जुन्या पंचांगाच्या तुलनेत सुमारे ४ अंशांचा फरक पडला. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, म्हणजे फरक सुमारे ४ दिवसांचा. संक्रांतच चार दिवस आधी!

आता हा वाद पुण्यातल्या शास्त्र्यांपुरता असेल असं वाटेल, पण तसं नाही. धाराशिवच्या शेतकऱ्याचं खरिपाचं वेळापत्रक याच सूर्याच्या नक्षत्रांवर चालतं. ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त. मृगात मूग-उडीद, तूर, सोयाबीन पेरायचं, हस्ताचा पाऊस झाला की ज्वारीला ओल मिळते. नानांच्या गणिताने मृगही चार दिवस आधी लागतो. पाऊस मात्र कोणतंच पंचांग बघून येत नाही.

इथेच हिशेब आणि निरीक्षण यांतला फरक कळतो. पंचांगात प्रत्येक पाऊस-नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, गाढव वगैरे. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र तिथून कितव्या नक्षत्रात आहे ते मोजायचं, ९ ने भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं. भागाकार अगदी बरोबर असतो. पण या भागाकाराचा ढगाशी काही संबंध आहे का, हे बघायचं तर वीस-पंचवीस वर्षांचा पाऊस मोजून वाहनाशेजारी लिहावा लागेल. गणित चुकलं नाही म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही. तो निष्कर्ष आकाशाला विचारून घ्यावा लागतो. केरूनानांचा पंचांगाबद्दलचा आग्रह नेमका हाच होता.

नानांचा आरंभबिंदू पुढे सगळ्यांनी मान्य केला नाही. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या तितक्याच मोठ्या ज्योतिर्विदांनी चित्रा ताऱ्याच्या आधाराने दुसरा बिंदू धरला आणि देशभर तोच मार्ग अधिक रुळला. पण पंचांग आकाशाशी जुळलंच पाहिजे, हा नानांचा मूळ मुद्दा कायमचा टिकला. त्यांच्या बाजूने पुढे स्वतः टिळक उभे राहिले आणि त्या परंपरेतलं पंचांग आज टिळक पंचांग म्हणून ओळखलं जातं. त्यात संक्रांत आजही १० जानेवारीच्या आसपास येते.

दुष्काळ आणि सूर्यावरचे डाग

१८७६ मध्ये दख्खनवर पाऊस रुसला. १८७६ ते १८७८ या काळात पुणे-सोलापूरच्या पट्ट्यापासून हैदराबाद संस्थान, म्हैसूर आणि मद्रासपर्यंत दुष्काळ पसरला. लाखो माणसं मेली. धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मधली १८५३ ते १८६० ही सात वर्षं तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि परत निजामाकडे आला होता. सीमा कागदावर होती, दुष्काळ दोन्हीकडे सारखाच.

पाऊस कधी दगा देणार हे आधी कळेल का, हा प्रश्न आता जिवावरचा झाला होता. देशाचं हवामान खातं १८७५ मध्येच स्थापन झालं होतं. त्याच सुमारास जगभरचे शास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांकडे बघत होते. हे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात, हे नुकतंच लक्षात आलं होतं. मग दुष्काळही याच चक्राने येतात का? विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८७७ मध्ये दक्षिण भारतातल्या पावसाच्या आणि दुष्काळाच्या नोंदी घेऊन तसं मांडलं.

सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचं हवामान यांचा संबंध हा केरूनानांच्याही अभ्यासाचा विषय होता. कुलाब्यात चुंबकसुईच्या नोंदी घेणाऱ्या माणसाला हा विषय जवळचा वाटणं साहजिक आहे, कारण डाग वाढले की चुंबकसुई जास्त अस्वस्थ होते, हा संबंध तेव्हा सिद्ध झाला होता.

पावसाबद्दल मात्र उत्तर वेगळं निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्बर्ट वॉकर हे गणिती हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या नोंदींची गणिती तुलना केली. तेव्हा डागांवरून मान्सून सांगता येईल इतका भक्कम संबंध दिसला नाही. पण त्याच आकड्यांतून त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. आज आपण एल निनो म्हणून जे ऐकतो, त्याच्या समजुतीचा पाया तिथे आहे.

म्हणजे डागांचा अंदाज फसला, पण नोंदी वाया गेल्या नाहीत. कोणाचा तरी अंदाज चुकतो आणि त्यासाठी जमवलेले आकडे पन्नास वर्षांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. हवामानाच्या अभ्यासात हे सतत होतं.

शेवट आणि मागे राहिलेली माणसं

डेक्कन कॉलेजात नानांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत टिळक आणि आगरकर होते. दोघांचे रस्ते पुढे वेगळे झाले, पण सरकारी नोकरी न धरता शाळा काढायची, हे दोघांनी मिळून ठरवलं. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी. टिळकांची गणिताची आणि ज्योतिषाची आवड जन्मभर टिकली. वेदांचा काळ ठरवतानाही त्यांनी नक्षत्रांचं गणितच हाताशी घेतलं.

१९ मार्च १८८४ ला केरूनाना गेले. वय ५८.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे स्वतः शिक्षकी पेशातले. त्यांनी १८९६ मध्ये आलेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात केरूनानांच्या कामाची दखल घेतली. ती नसती तर नानांबद्दल आपल्याला बरंच कमी माहीत असतं.

कुलाब्याच्या वेधशाळेचं पुढे काय झालं? मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती आणि विजेच्या प्रवाहाने चुंबकसुईच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा शहराबाहेर नेली. कुठे? अलिबागला. म्हणजे केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारी. तिथे आजही नोंदी चालू आहेत.

आता त्या ६५ मिलिमीटरचं गणित

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात?

समजा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा सपाट जागेवर पाऊस पडला आणि पाणी वाहूनही गेलं नाही, मुरलंही नाही. पाण्याचा थर १ मिलिमीटर उंच साचला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरतं. थराची उंची सांगितली की जागा कितीही मोठी असो, पाणी काढता येतं. म्हणून मिलिमीटर.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ गुणिले ६५, म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २६ टँकर, एका एकरावर, एका दिवसात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या मुलाला हा गुणाकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे शाळेत करायला फार काही लागत नाही. सरळ बाजू आणि सपाट तळ असलेलं भांडं घ्या आणि झाडा-भिंतींपासून लांब, उघड्यावर पक्कं बसवा. भांडं वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचं असेल तर पट्टीने पाण्याची उंची मोजली की तोच पाऊस. वर पसरट नरसाळं आणि खाली अरुंद बाटली असेल तर नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढावं लागतं. तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पावसाला २० मिलिलिटर पाणी जमतं आणि ६५ मिलिमीटरला १,३०० मिलिलिटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ, गुणोत्तर आणि एककांचं रूपांतर, तीन धडे एका बाटलीत येतात.

हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. शाळेनेही तीच वेळ धरली तर आकड्यांची तुलना करता येते. सुट्टीच्या दिवशी कोण मोजणार, हे मुलांनी आपसांत वाटून घ्यावं, कारण एक दिवस चुकला की महिन्याची बेरीज चुकते. पाऊस पडला नाही त्या दिवशी रिकामी जागा सोडायची नाही, शून्य लिहायचं. मोजलंच नाही तर मात्र शून्य लिहायचं नाही, 'नोंद नाही' असं लिहायचं. शून्य आणि 'माहीत नाही' यांतला हा फरक मोठमोठ्या तक्त्यांतही लोक विसरतात.

मग येते सरासरी. समजा दोन गावं आहेत. एका गावात आठवडाभर रोज १० मिलिमीटर पाऊस झाला. दुसऱ्यात सहा दिवस शून्य आणि एका दिवशी ७०. दोन्हीकडे एकूण ७० आणि दोन्हीकडे रोजची सरासरी १०. पण पहिल्या गावातलं सोयाबीन खुशीत आहे आणि दुसऱ्यातलं आधी सुकलं, मग वाहून गेलं. सरासरी खोटी नाही, पण ती सगळं सांगत नाही. सातवीतल्या मुलाला ही गोष्ट या दोन ओळींत कळते. स्तंभालेख काढला तर न बोलता कळते.

आणि त्याहून पुढचा मुद्दा. एका महसूल मंडळात कितीतरी गावं येतात आणि अतिवृष्टीचा आकडा मंडळाचा धरला जातो. बालाघाटाच्या डोंगररांगेत एका कुशीला धो धो पडतो आणि पलीकडे ऊन असतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. चार-पाच गावांच्या शाळांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने पाऊस मोजून आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर तो फरक किती असतो ते दिसेल. शाळेच्या वहीतला आकडा सरकारी पंचनाम्यात चालणार नाही, हे खरं. पण आपल्या मंडळाचा आकडा कसा येतो, तो कुठे मोजला जातो आणि त्यात काय सुटू शकतं, हे ज्या मुलाने स्वतः मोजलंय तो मोठा झाल्यावर नेमका प्रश्न विचारू शकेल.

केरूनानांना पंधराव्या वर्षी एक नोंदवही आणि काही उपकरणं मिळाली होती. त्यासाठी ऑर्लिबारांसारखा शिक्षक लागला, कंपनीची वेधशाळा लागली आणि जगभरची योजना लागली. आज त्यातल्या पर्जन्यमापकाचं काम एक बाटली, एक पट्टी आणि शंभर पानी वही करू शकते. मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि पाऊस असे तीन रकाने आखायला तेवढा वेळ पुरेसा आहे.